मोठा आवाज, बुडालेला शब्द आणि आपले बहिरेपण

'हल्लीच्या गाण्यांत शब्दच उरलेले नाहीत' हे वाक्य मराठी विभागांच्या स्टाफरूममध्ये चहाइतक्याच नियमितपणे फिरते. ते उच्चारणाऱ्याला कसलाही पुरावा द्यावा लागत नाही. ऐकणारे माना डोलावतात आणि विषय गदिमा, शांता शेळके, सुरेश भट अशा क्रमाने पुढे सरकतो. गंमत अशी, की ज्या गाण्याविषयी हा निर्वाळा दिला जातो त्याचे शब्द निर्वाळा देणाऱ्याने कागदावर वाचलेले नसतात, आणि कानाने ऐकलेलेही नसतात. कारण ते ऐकूच आलेले नसतात. शब्द सुमार आहेत आणि शब्द ऐकू येत नाहीत ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिले काव्यसमीक्षेचे, दुसरे ध्वनिमिश्रणाचे. आपण दुसऱ्याचा पुरावा पहिल्यासाठी वापरतो आणि निकाल देऊन मोकळे होतो. जी शिस्त आपण पाठाच्या बाबतीत विद्यार्थ्यांकडून मागतो ती आपल्या कानांना मात्र लावत नाही.

समोरच्या बाजूलाही शहाणपणाचा सुकाळ आहे असे नाही. तेथील ठराविक उत्तर असे: आजच्या काळात गाणे मोठेच वाजले पाहिजे, आणि मोठे वाजायचे तर थोडी स्पष्टता जाणारच. स्पष्टता हवी असेल त्याने शास्त्रीय मैफल ऐकावी. म्हणजे आमच्या ज्येष्ठांना मोठा आवाज संस्कृतीचा शत्रू वाटतो आणि ह्या मंडळींना स्पष्टता बाजाराची शत्रू वाटते. दोघांचे गृहीतक एकच आहे, की मोठेपणा आणि स्पष्टपणा हे तराजूचे दोन पारडे आहेत. प्रस्तुत लेखाचा आक्षेप ह्या गृहीतकालाच आहे. ते ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने खोटे आहे.

ह्यासाठी थोडे तंत्रात शिरावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये. छंदःशास्त्रातील गणांपेक्षा हे अवघड नाही.

मिश्रण करणाऱ्याच्या हातातले जे मुख्य हत्यार, त्याला इंग्रजीत 'इक्वलायझेशन' म्हणतात. स्टुडिओतली माणसे नुसते 'ईक्यू' म्हणून काम भागवतात. मराठीत 'समीकरण' म्हणावे तर गणिताची आठवण होते, म्हणून मी 'समकरण' म्हणतो. ह्या शब्दाचा जन्म टेलिफोनच्या तारांवर झाला. लांबच्या तारेतून जाताना आवाजातल्या उंच वारंवारता खालच्यांपेक्षा अधिक क्षीण होत, त्यामुळे बोलणे दबलेले, घोंगडीखालून आल्यासारखे ऐकू येई. ही तूट भरून काढून सर्व वारंवारता पुन्हा समान पातळीवर आणणे हे त्या यंत्राचे काम होते. म्हणजे समकरणाचा मूळ हेतूच मुळी 'पलीकडच्या माणसाचा शब्द कळावा' हा होता. पुढे चित्रपट, नभोवाणी आणि ध्वनिमुद्रण ह्यांनी ते उचलले. १९७२ साली जॉर्ज मॅसेनबर्ग ह्यांनी 'पॅरामेट्रिक' समकारकाची मांडणी केली, आणि तेव्हापासून कोणती वारंवारता, किती रुंद पट्टा आणि किती कमी-अधिक ह्या तिन्ही गोष्टी तंत्रज्ञाला स्वतंत्रपणे ठरवता येऊ लागल्या. आज हे हत्यार कोणत्याही संगणकात असते. वापरणाऱ्याची बुद्धी त्यासोबत येत नाही.

आता मूळ प्रश्न. एखादे गाणे 'मोठे' वाटते म्हणजे काय होते? डिजिटल ध्वनीला एक छत असते. त्याच्या वर लाट जाऊ शकत नाही, गेली तर तिचा माथा कापला जातो. त्या छताखाली जितकी जागा आहे तितकीच सर्व वाद्यांनी आणि गळ्याने वाटून घ्यायची असते. ह्या वाटपात सर्वांत मोठा वाटा मंद्र आवाज खातात. फ्लेचर आणि मन्सन ह्यांनी १९३३ साली बेल प्रयोगशाळेत दाखवून दिले, की माणसाचा कान सर्व वारंवारतांना सारखा न्याय देत नाही. २००० ते ५००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात तो अत्यंत तीक्ष्ण असतो, आणि खाली येऊ लागला की मंदावतो. मध्यम पातळीवर १००० हर्ट्‌झच्या स्वराइतकाच ठळक वाटण्यासाठी ५० हर्ट्‌झच्या स्वराला पंचवीस-तीस डेसिबल तरी अधिक जोर द्यावा लागतो. ह्याचा अर्थ असा, की तळाशी अनावश्यक गुरगुर भरून ठेवली तर छताखालची जागा संपते आणि कानाला त्याचे श्रेय जवळजवळ मिळतच नाही. हार्मोनियम, गिटार, व्हायोलिने, गायकाचा माइक ह्या सगळ्यांच्या ट्रॅकमध्ये तळाशी खोलीची घरघर, पायांचे धक्के, माइकवर आदळलेला श्वास असा गाळ असतो. तो जिथे उपयोगाचा नाही तिथे कापून टाकला, की तीच जागा मोकळी होते आणि संपूर्ण गाणे वर उचलता येते. आवाज मोठा होतो तो कापल्यामुळे. वाढवण्याचे बटण ज्याने फारसे फिरवलेले नाही अशा तंत्रज्ञाचे गाणे अधिक मोठे वाजते, हे ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. पण चांगल्या संपादकाचे काम पाहिलेल्या वाचकाला वाटू नये.

दुसरी गोष्ट आच्छादनाची. एका आवाजाने दुसरा झाकला जातो, आणि खालचा आवाज वरच्याला जितका झाकतो तितका वरचा खालच्याला झाकत नाही. हे वेगेल आणि लेन ह्यांनी १९२४ मध्येच मोजून ठेवलेले आहे. २०० ते ५०० हर्ट्‌झचा पट्टा घ्या. पुरुषी गळ्याचे अंग तिथे, हार्मोनियमचा भरणा तिथे, गिटारच्या पेटीची गुंज तिथे, ढोलकीचा घुमारही तिथे. प्रत्येक वाद्य एकटे ऐकले तर भरदार, गोड. सगळी एकत्र आली की गढूळ पाणी. अननुभवी तंत्रज्ञ ह्या गढूळपणावर उपाय म्हणून गळ्यातल्या उंच वारंवारता वाढवतो. मग गळा टोचू लागतो, म्हणून तो झांज आणि तंतुवाद्येही वाढवतो. मग तळ पोकळ वाटतो, म्हणून बेस वाढवतो. तासाभराने सगळे काही वाढलेले असते आणि गाणे होते तिथेच असते, फक्त अधिक कर्कश. ठळक टाइपात छापलेल्या पानात ठळक शब्द कुठला ते सांगता येत नाही, तसे हे आहे.

जाणकार माणूस उलट चालतो. त्या पट्ट्यात कोणाला राहू द्यायचे हे तो आधी ठरवतो आणि बाकीच्यांना दोन-तीन डेसिबलने मागे सारतो. गळा सुरू असताना गिटारला ३००० हर्ट्‌झच्या आसपास थोडी खाच पाडतो. बेसला खालचा कप्पा दिला तर ढोलाला त्याच्या वरचा देतो. निर्णय घेताना एकेक वाद्य सुटे न ऐकता सगळे मिळून ऐकतो. कारण सुटे ऐकताना जे रोडके वाटते तेच मेळ्यात नेमके बसते. आणि समकरणाआधीचा व नंतरचा आवाज तो समान पातळीवर आणून मगच तुलना करतो, कारण जे किंचित मोठे असते ते कानाला नेहमीच 'चांगले' वाटते. ही शेवटची खबरदारी समीक्षकांनीही पाळावी अशी आहे. असो.

अकराव्या शतकातला क्षेमेंद्र औचित्याची चर्चा करताना अलंकार चुकीच्या अवयवावर घातल्याचे उदाहरण देतो. कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला, अशा माणसाला लोक हसणारच. समकरण म्हणजे ध्वनीतले औचित्य, असे मी म्हणेन. आमचे काही मित्र ह्याला ओढाताण म्हणतील. पण आपण अभ्यासक्रमात औचित्यसिद्धान्त शिकवतो तो केवळ परीक्षेत टीप लिहिण्यासाठी, की कुठे लावूनही पाहायचा?

हे सगळे ठाऊक असताना बाजाराने दुसरी वाट का धरली, ह्याचा इतिहास फार जुना नाही. १९८२ साली सीडी आली. नव्वदच्या दशकात लिमिटर नावाच्या यंत्रणेने लाटांचे माथे दाबून उरलेला सगळा ऐवज छताला नेऊन चिकटवणे शक्य झाले. शेजारच्या गाण्यापेक्षा आपले गाणे अर्धा डेसिबल तरी वर वाजावे ह्या ईर्षेने पाश्चात्त्य रॉक-पॉपमध्ये जी स्पर्धा पेटली तिला 'लाउडनेस वॉर' असेच नाव पडले. 'रेड हॉट चिली पेपर्स' ह्यांच्या १९९९ च्या 'कॅलिफोर्निकेशन' ह्या अल्बमबद्दल कुरबुर झाली. २००८ च्या सप्टेंबरात 'मेटॅलिका'चा 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा तर चाहत्यांनीच बंड केले. हीच गाणी 'गिटार हीरो' ह्या व्हिडिओ-खेळात कमी दाबलेल्या रूपात उपलब्ध होती. लोकांनी दोन्ही ऐकली, फरक कळला, आणि नव्याने मिश्रण करावे म्हणून हजारोंनी निवेदनावर सह्या केल्या. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन ह्यांनीही हात झटकले: मिश्रण माझ्याकडे आले तेव्हाच ते भिंतीला टेकलेले होते. जगातील सर्वांत कर्णकर्कश समजल्या जाणाऱ्या संगीतप्रकाराचे श्रोते 'हे फार दाबले आहे' म्हणून तक्रार करतात, आणि आपल्याकडे भावगीतांच्या नव्या आवृत्त्यांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ह्याला काय म्हणावे?

पुढे ह्या युद्धाचा पायाच खचला, ही बातमी अजून सर्वत्र पोचलेली दिसत नाही. श्रवणीय मोठेपणा मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ साली निश्चित झाली, २०१० मध्ये युरोपीय प्रक्षेपकांनी उणे २३ एलयूएफएस ही पातळी स्वीकारली, आणि आज स्पॉटिफायसारखी सेवा डीफॉल्ट स्थितीत गाणी साधारण उणे १४ पातळीला आणून वाजवते. छताला चिकटवलेले गाणे तिथे गेले की आपोआप खाली ओढले जाते. दाबल्याचा लाभ शून्य, हानी मात्र कायम. उलट ज्याने समकरणाने जागा मोकळी केली, ज्याच्या लाटांना अजून माथे आहेत, त्याचे गाणे त्याच पातळीवर अधिक जिवंत, आणि म्हणून अधिक मोठे वाटते. तरीही 'सर, अजून लाउड करा' ही मागणी थांबलेली नाही, असे ह्या व्यवसायात गेलेले माझे जुने विद्यार्थी सांगतात.

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही भाषेतल्या गाण्याला लागू आहे. मराठीच्या संदर्भात त्याला जी धार येते तिच्याकडे आपण, म्हणजे भाषेचे अध्यापक म्हणवणाऱ्यांनी, लक्ष द्यायला हवे होते.

मराठीत 'काळ' आणि 'काल', 'वेळ' आणि 'वेल', 'मण' आणि 'मन' हे भेद अर्थभेदक आहेत. मूर्धन्य आणि दंत्य-वर्त्स्य वर्णांमधला फरक ध्वनिशास्त्रात मुख्यतः तिसऱ्या स्वनसंहतीच्या, म्हणजे तिसऱ्या 'फॉर्मंट'च्या, खाली झुकण्यातून ओळखता येतो, आणि हा झुकाव २००० ते २५०० हर्ट्‌झच्या आसपासच्या प्रदेशात घडतो. त्या प्रदेशावर गिटारचे आणि सिंथेसायझरचे पोते टाकले की 'ळ' आणि 'ल' एकच होतात. महाप्राण वर्णांतला ह-कार हा तर मुळातच क्षीण फूत्कार आहे. आच्छादनात तो पहिल्यांदा मरतो आणि 'भार' व 'बार' जुळी भावंडे होतात. 'स'ची शक्ती ४०००-५००० हर्ट्‌झच्या वर, 'श'ची त्याच्या खाली. गळा टोचतो म्हणून वरचा पट्टा सरसकट खाली आणला, की 'स' बोबडा होतो.

आणि सर्वांत सूक्ष्म गोष्ट दंत्य च-जची. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा हे दोन शब्द आपण एकाच अक्षरांनी लिहितो. त्यांतला भेद लिपीत नाही, फक्त उच्चारात आहे. म्हणजे हा मराठीचा असा अर्थभेद आहे की जो कागद सांगू शकत नाही, कानच सांगू शकतो. दंत्य 'ज'मधल्या घर्षणाची शक्ती तालव्य 'ज'पेक्षा वरच्या वारंवारतांत असते. तिथेच सीत्कार दाबणारा 'डी-एसर' बसवलेला असतो. इंग्रजी गळ्यासाठी तयार झालेल्या ठराविक मांडण्या जशाच्या तशा मराठी गळ्यावर चढवल्या, की भाषेचे हे वैशिष्ट्य पुसले जाते, आणि ते पुसले गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

शिवाय गाण्यात महत्त्वाचा शब्द बहुधा समेवर किंवा ठेक्याच्या ठोक्यावर पडतो. ठोक्यालाच ढोलाचा सर्वांत मोठा धक्का असतो. लिमिटर त्या धक्क्याला दाबायला धावतो आणि दाबताना त्याच क्षणी उच्चारलेले व्यंजनही दाबून टाकतो. कवीने सर्वाधिक विचार करून जिथे शब्द ठेवला, नेमका तिथेच शब्द खचतो. ढोलाचा तळ समकरणाने आवरला असता तर लिमिटरला धावावेच लागले नसते.

'मग जुनी गाणी कशी स्पष्ट होती?' असा प्रश्न आता ज्येष्ठ विचारतील, आणि उत्तरात साधना, संस्कार, उच्चारशुद्धी हे शब्द येतील. उच्चारशुद्धी होतीच, सुधीर फडके ह्यांच्या गाण्यातला एकेक वर्ण त्याची साक्ष देतो. पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून वर्षभर प्रसारित झाले, छप्पन्न गीते. मध्यम लहरींवरून घरोघरच्या रेडिओत साधारण ५००० हर्ट्‌झच्या वरचे फारसे काही पोचत नसे. तरी शब्दन्‌शब्द कळत होता, कारण समकरण यंत्राने नव्हे, संगीतरचनेने केलेले होते. गायकाची ओळ चालू असताना वाद्ये मागे थांबत, ओळ संपली की बासरी किंवा व्हायोलिन मोकळ्या जागेत बोले, आणि वाद्येही मोजकी असत. ज्याला आज यंत्राने खाच पाडावी लागते तिथे त्या काळच्या संगीतकाराने जागाच ठेवलेली होती. ही कारागिरी होती आणि ती शिकता येते. तिला 'पूर्वीचे लोकच थोर' असे म्हणून देव्हाऱ्यात बसवले, की शिकण्याची जबाबदारी टळते.

मोठे गाणे स्पष्ट असू शकते ह्याचा दाखला हवा असेल तर 'सैराट' (२०१६) मधले 'झिंगाट' ऐकावे. ते आवडो न आवडो, मिरवणुकीच्या भिंतीएवढ्या स्पीकरांतूनही त्याचे शब्द पोराटोरांना पाठ झाले. ढोलाचा दणका खाली आणि गळा वर, दोघांच्या मध्ये भांडण नाही, असे माझ्या कानाला वाटते. (मिरवणुकीत तो स्पीकर किती डेसिबलने लावायचा हा ध्वनिप्रदूषण नियमांचा आणि पोलिसांचा प्रश्न आहे. ते बटण ऐकवणाऱ्याच्या हातात असते. मी बोलतो आहे ते गाण्याच्या आतच भाजून टाकलेल्या मोठेपणाबद्दल, जो कोणत्याही बटणाने उतरत नाही.)

माझे खरे भांडण मात्र नव्या गाण्यांशी नाही. ते आहे जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या 'सुधारित' आवृत्त्यांशी. ऐंशी-नव्वदच्या दशकांत जुन्या हिंदी गाण्यांवर 'झंकार बीट्स' चढवले गेले तेव्हा निदान अत्याचार उघड होता. आता तो सभ्य झाला आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरची खरखर काढतात. ती खरखर ज्या उंच पट्ट्यात असते त्याच पट्ट्यात 'स', 'श' आणि दंत्य 'च' राहतात. खरखरीबरोबर तेही जातात. मग आवाज 'भरदार' करण्यासाठी जो तळ मूळ मुद्रणात कधी नव्हताच तो वाढवतात, आणि शेवटी सगळे लिमिटरमध्ये घालून आजच्या पातळीला आणतात. त्यात आणखी एक मेख आहे. तबकडी कापताना तळ कमी आणि वरचा पट्टा वाढवून मुद्रण करीत, आणि वाजवताना उलट समकरण करून मूळ स्वर मिळवीत. अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण उद्योगाने ह्यासाठी १९५४ मध्ये एक वक्र प्रमाण मानला. त्याआधी कंपनीगणिक वक्र वेगळे होते. चुकीच्या वक्राने वाजवलेली तबकडी म्हणजे मोडीतला कागद बाळबोध समजून वाचणे. बालगंधर्वांचा गळा आपण ऐकतो तो गळा की कोणा अनामिकाने निवडलेला वक्र, हे विचारण्याचे भान आपल्याकडे कितीजणांना आहे?

ज्या पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, पानापानाच्या तळाशी पाठभेद नोंदवले, त्याच पुण्यात आपण पाठचिकित्सेचे तास घेतो आणि संध्याकाळी अशी आवृत्ती ऐकतो, की जिच्यावर संपादकाचे नाव नाही, मूळ प्रत कोणती ह्याचा उल्लेख नाही, काय कापले आणि काय वाढवले ह्याची एक ओळ नाही. तुकोबांच्या गाथेत कोणी अशी ढवळाढवळ केली तर आपण पत्रके काढू. मग माणिक वर्मांच्या मुद्रणातले व्यंजन गाळणे हा प्रक्षेप नव्हे तर काय? मागणी साधी आहे. पुनःप्रकाशन करणाऱ्याने मूळ तबकडीचे असंस्कारित डिजिटल रूप सोबत उपलब्ध ठेवावे, आणि कोणत्या पट्ट्यात काय केले ह्याची नोंद द्यावी. फार तर अर्धे पान लागेल.

'हा आमचा विषय नव्हे' असे विभागातले सहकारी म्हणतात. त्यांच्या माहितीसाठी: गीतकाव्यावरच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत आता ऐकून उतरवलेल्या, इंटरनेटवरून घेतलेल्या संहिता येतात, आणि त्यांतला 'ळ'चा 'ल', 'भ'चा 'ब' बुडालेल्या मिश्रणातून आलेला असतो. एकाने चुकीचे ऐकले, दहा ठिकाणी ते उमटले, आणि अकराव्या ठिकाणी त्या चुकीच्या शब्दातल्या प्रतिमेचे रसग्रहण झाले. असे रसग्रहण मी तपासलेले आहे, आणि त्याला बरे गुणही पडलेले पाहिले आहेत.

शेवटचा आक्षेप असा येतो, की आजचा श्रोता मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतो, त्याला हे बारकावे कुठून कळणार. मोबाइलच्या इवल्या स्पीकरातून तीन-चारशे हर्ट्‌झच्या खालचे जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. ज्या बेससाठी सगळी जागा उधळली तो तिथे वाजतच नाही. वाजतो तो मधला आणि वरचा पट्टा, जिथे 'ळ' राहतो, 'श' राहतो आणि दोन्ही 'जग' राहतात.